यंत्र कुणाच्या गाडीवर

आमच्या सहा जणांच्या ग्रुपसाठी रस्ता दाखवणारं यंत्र निवडायचं काम माझ्याकडे आलं ते मी डिग्रीवाली म्हणून. "इंजिनिअर बाई आहेत ना, त्या बघतील," असं एकाने बोलूनही दाखवलं. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. सिंगापूरला येऊन सहा वर्षं झाली होती, तरी कुणी 'इंजिनिअर' म्हटलं की माझी मान अजून अर्धा इंच वर जायची.

आम्ही दर दुसऱ्या शनिवारी सकाळी तुआसच्या चेकपॉइंटवरून पूल ओलांडून मलेशियातल्या जोहोरला मोटरसायकली घेऊन जायचो. सिंगापुरात कच्चा रस्ता शोधून सापडत नाही. सापडलाच तर पुढच्या खेपेला तिथे डांबर तरी पडलेलं असतं, नाहीतर कुंपण. पलीकडे मात्र पामतेलाचे मळे आहेत. मैलोन्‌मैल एकसारखी झाडं, त्यांच्यामधून लाल मातीच्या वाटा, ओढ्यावर टाकलेल्या दोन फळ्या, आणि पाऊस पडून गेला की साबणासारखी होणारी चढण. मी गावाकडे असल्याच रस्त्यावरून मोपेडवर कॉलेजला जायचे. तेव्हा ती अडचण होती, इथे तो छंद झाला.

आमच्या पुढे असायचे पाकचिक. पाकचिक म्हणजे मलय भाषेत काका. तुआसच्या ज्या जहाजांच्या यार्डात मी क्वालिटी बघायचे, तिथेच ते रिगिंगचे फोरमन होते. क्रेनने उचलायच्या वजनांना दोर आणि साखळ्या बांधणारी जी टोळी असते, तिचे मुकादम. वय साठच्या पुढे गेलेलं, अंगकाठी बारीक, हात मात्र दोराचेच बनवल्यासारखे. त्यांचा जन्म त्या मळ्यांतला. वडील तिथेच कामाला होते. यार्डात मला ते 'मिस' म्हणायचे. पूल ओलांडला की 'आदिक', म्हणजे धाकटी बहीण. परत येताना पासपोर्टवर शिक्का पडला की पुन्हा 'मिस'.

त्यांनी आम्हाला एकच नियम लावून दिला होता. वळण आलं की पुढच्याने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. त्याला आम्ही 'कोपरा धरणं' म्हणायचो. त्यामुळे कुणाला रस्ता पाठ असण्याची गरजच नव्हती. एकाला पाठ होता, तेवढं पुरत होतं.

मग एका ऑगस्टमधल्या शनिवारी, कोटा टिंगी गावाच्या अलीकडे, पाकचिक एका तिठ्यावर डावीकडे वळले आणि पंधरा मिनिटांनी झाडंच संपली. मळा तोडलेला होता. पाम म्हातारे झाले की ते पाडून नवी रोपं लावतात, आणि लावताना जुन्या वाटा मोडून टेकडीला नव्याने पायऱ्या घालतात. समोर नुसती उघडी लाल टेकडी. पाकचिकांनी इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि बघत राहिले. ओळखीच्या घरात शिरावं आणि आतल्या भिंतीच नसाव्यात, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

बाहेर पडायला तीन तास लागले. सावली कुठेच नव्हती, पाणी संपलं होतं. फोन होते की सगळ्यांकडे. पण मळ्यात सिग्नल नाही, आणि हँडलला लावलेला एक फोन उन्हाने इतका तापला की 'थंड होईपर्यंत मी काही करणार नाही' अशा अर्थाचं काहीतरी लिहून काळा झाला. आमच्यातला एक जण पुण्याचा, वन-नॉर्थला एका आयटी कंपनीत मॅनेजर. तो उन्हाने खचला, गाडीवरून उतरून आडवाच झाला, ओकला. पाकचिक खाली ओढ्यावर गेले, स्वतःच्या हेल्मेटात पाणी घेऊन आले आणि त्याच्या डोक्यावर ओतलं. असं चारदा केलं. ओढा बराच खाली होता.

मळ्याच्या तोंडाशी एका बाईचं चहा-रोटीचं दुकान आहे. तिथे पोचल्यावर पुणेकर जरा माणसात आला. दोन ग्लास तेह तारिक, म्हणजे तिथला फेसाळ दुधाचा चहा, पोटात गेल्यावर म्हणाला, "हे बघा, मला राग आलेला नाही. पण मला दोन पोरं आहेत. आपण एक नीट जीपीएस घेऊ, फोनच्या सिग्नलवर अवलंबून नसलेलं. ते ज्याच्याकडे, तो पुढे."

चूक काहीच नव्हती त्याच्या बोलण्यात. तरी आम्ही सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागलो.

पाकचिकच पहिले बोलले. "करेक्ट. मशीन पुढे, मी मागे." आणि हसले. त्यानंतरच ते 'इंजिनिअर बाई बघतील' झालं.

निघताना ते हातमोजे चढवत माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "आदिक, माझ्या गाडीची सीओई डिसेंबरात संपते."

सिंगापुरात गाडी तुमची असते, पण ती रस्त्यावर ठेवायचा हक्क दहाच वर्षांचा. त्या कागदाला सीओई म्हणतात. मुदत संपली की तो कागद पुन्हा घ्यायचा, पाच वर्षांसाठी किंवा दहा. नाहीतर गाडी भंगारात. मधला मार्ग नाही.

"मग रिन्यू करणार ना?" मी विचारलं.

"बघू. मागेच बसायचं तर बसने ऑल्सो कॅन."

पुन्हा हसले. मीही हसले. पूल ओलांडून घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या हेल्मेटात घोळत राहिलं. गाडी भंगारात गेली की पाकचिकांचे शनिवार संपणार होते. बसने कुणी मळ्यात जात नाही.

*

यार्डात व्हॉल्व्ह घ्यायचा असो की रंग, आम्ही व्हेंडर सिलेक्शन शीट करतो. डावीकडे निकष, प्रत्येक निकषाला वजन, वर उमेदवार, खाली बेरीज. ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. वशिला नाही, भांडण नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे बेरीजच आपल्या बाजूने बोलते. मी तशीच इथवर आलेय.

तर मी शीट केली. आठ यंत्रं, अकरा निकष. पडदा केवढा, नकाशे किती देशांचे, पाण्यात टिकतं का, बॅटरी किती तास, हेल्मेटमध्ये बोलून सांगतं का. सगळ्या माहितीपत्रकांची पारायणं केली. नवरा माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "माझ्या वेळी केला होतास का असला तक्ता?"

"केला असता तर तू आला नसतास."

"स्क्रीन साइजमध्येच बाद झालो असतो," असं म्हणून तो पोट आत ओढून कुकर लावायला गेला.

जिंकलं ते सगळ्यात मोठ्या, रंगीत पडद्याचं यंत्र. बोटाने चालणारं, थायलंडपासून इंडोनेशियापर्यंतचे नकाशे पोटात असलेलं, गोड आवाजाचं. ग्रुपवर शीट टाकली तर मला टाळ्या, अंगठे-बिंगठे आले. पाकचिकांनीही एक अंगठा टाकला.

रविवारी गावी फोन केला तेव्हा अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, बांधकाम खात्यात मैलकुली होते. मैलकुली आता फारसे उरले नाहीत. रस्त्याचा ठरावीक तुकडा एका माणसाच्या ताब्यात असायचा. खड्डा भरायचा, साईडपट्टीचं गवत काढायचं, मोरी साफ ठेवायची, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायचा. घाटाखालचा एक तुकडा अण्णांनी सत्तावीस वर्षं सांभाळला.

"त्याला कोन सांगतं, रस्ता कुठं हाय त्यो?" त्यांनी विचारलं.

"उपग्रह, अण्णा. आभाळातनं."

"आभाळातनं मोरी दिसती व्हय?"

मी हसले. म्हटलं, "अण्णा, तुम्ही पण ना." आणि विषय बदलला.

*

सप्टेंबरात यंत्र घेऊन गेलो. ते पुणेकराच्या हँडलवर, तो पुढे. पाकचिक सगळ्यात मागे. डांबरी रस्ता होता तोवर यंत्राने अगदी पाहुण्यासारखं आदबीने सांगितलं, इथे डावीकडे, तिथे उजवीकडे. पुणेकराने दोनदा मागे वळून मला अंगठा दाखवला.

मळ्याचं फाटक ओलांडलं आणि पडदा कोरा झाला. मधोमध एक निळा बाण, म्हणजे आम्ही, आणि भोवती पिवळट रिकामी जागा. तीन-चार देशांचे नकाशे होते त्याच्या पोटात, पण ते मोटारींच्या रस्त्यांचे. मळ्यातल्या वाटा कुणी त्यात घातलेल्याच नव्हत्या. कोण घालणार? गोड आवाज म्हणायला लागला, शक्य होईल तिथे यू-टर्न घ्या.

"अगं, ही बाई घरी जा म्हणतेय," पुणेकर ओरडला.

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. थेंब पडद्यावर पडले की यंत्राला वाटायचं कुणी बोट लावलं. नकाशा आपोआप मोठा व्हायचा, लहान व्हायचा. एका थेंबाने तर आम्हाला थेट बँकॉकला नेऊन ठेवलं. हातमोजा घालून ते ऐकत नव्हतं, आणि मोजा काढला तर बोटाचा चिखल पडद्यावर. एकाच तिठ्यावर आम्ही तिसऱ्यांदा आलो. मागच्या वेळची आठवण पुणेकराच्या चेहऱ्यावर दिसत होती. त्याने पाण्याची बाटली काढली, एकच घोट घेतला आणि झाकण घट्ट लावून ठेवली.

मी मागे गेले. पाकचिक वळणावर कोपरा धरून बसले होते, इंजिन बंद, दोन्ही हात टाकीवर. नियमाप्रमाणे.

"पाकचिक, बाहेर कुठून पडायचं, तुम्हाला माहितीये?"

"माहितीये."

"मग सांगितलं का नाही?"

"यू ऑल नेव्हर आस्क."

आवाजात राग नव्हता. यार्डात एखाद्या वजनाचा आकडा सांगावा तसं सांगितलं. मग हात लांब करून दाखवलं: तिकडून, दोन फळ्यांचा पूल, मग चढ, चढावरून मशिदीचा घुमट दिसेल. मी पुढे जाऊन पुणेकराला सांगितलं, तो त्याप्रमाणे गेला आणि वीस मिनिटांत आम्ही बाहेर आलो. पाकचिक शेवटपर्यंत मागेच राहिले. दुकानात त्यांनी रोटी मागवली, तिचे तुकडे केले आणि पायाशी बसलेल्या मांजरीला घातले. मला भूक नाही म्हणाले.

ते बघून मला अण्णांचा डबा आठवला.

मी बारावीला असताना अण्णांचा तुकडा खात्याने कंत्राटदाराला दिला आणि त्यांना सबडिव्हिजनच्या ऑफिसात बसवलं. पाणी भरायचं, साहेबांना चहा आणायचा. पगार तोच होता, कष्ट कमी झाले होते. लोक म्हणायचे, सुटलास की. पण डबा भरलेला परत यायला लागला. आई विचारायची, तर "भूक न्हाई". पंधरा दिवस असंच चाललं. मग श्रावणात एका दुपारी रस्त्यावर पाणी चढलं आणि ज्युनिअर इंजिनिअरची जीप आमच्या दारात आली. कंत्राटदाराच्या माणसांना जुन्या मोरीचं तोंड सापडत नव्हतं, झुडपात बुजलं होतं. साहेब जीपमधून खाली उतरले आणि म्हणाले, "तेवढं दाखवता का?" अण्णा पहार घेऊन गेले, कमरेएवढ्या पाण्यात उतरून तोंड मोकळं केलं. संध्याकाळी चिंब भिजून आले आणि तीन भाकरी खाल्ल्या. आई तव्यापाशी हसत होती, ते मला दिसलं होतं.

तो इंजिनिअर पदवीधर होता. त्याच्याकडे बघूनच मी ठरवलं होतं की आपण इंजिनिअर व्हायचं. आणि झाल्यावर मी काय केलं, तर अकरा निकषांचा तक्ता केला आणि ज्याला रस्ता येतो त्याला विचारलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून विचारत नाही, अशी माझी मी समजूत घातली होती. खरं तर मला वाटलं होतं, त्यांना काय विचारायचं यातलं.

*

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी रिगिंगच्या शेडमध्ये गेले. पाकचिक साखळीच्या कड्या तपासत होते.

"पाकचिक, मी चुकीचं यंत्र घेतलं. दुकानदार आठवड्याच्या आत बदलून देतो म्हणालाय. तुम्ही बरोबर चला."

"मी कशाला, मिस? मी फक्त प्रायमरी सिक्स, सहावी पास."

"मी डिग्री घेऊन एकदा चुकले. आता तुमची पाळी."

शेडमधली दोन-तीन माणसं खो खो हसली. पाकचिकांनी कडी खाली ठेवली. "ओके. चुकू दोघं."

दुकान शहरातल्या एका जुन्या मॉलमध्ये होतं, जिथे सहाही मजले वायरी आणि कॅमेऱ्यांनी भरलेले असतात. पाकचिक एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले होते. काउंटरवर त्यांनी पिशवी उघडली, तर आत त्यांचे गाडीवरचे हातमोजे, नळाखाली धरून ओलेचिंब केलेले. ते त्यांनी शांतपणे चढवले आणि म्हणाले, "आता दाखव."

चिनी दुकानदार काकांनी काचेवर हात पसरले. "अंकल, डोन्ट प्ले प्ले! पाणी!"

"मळ्यात पण पाणी आहे," पाकचिक म्हणाले.

मी आयुष्यात पुष्कळ तपासण्या पाहिल्यात, स्वतः केल्यात. अशी पाहिली नव्हती. एकेक यंत्र ओल्या मोज्याने दाबून पाहिलं. बोटाने चालणारी सगळी तिथेच गळाली. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि उरलेली तीन हातभर लांब धरून वाचायचा प्रयत्न केला, कारण गाडीवर हँडल तेवढंच लांब असतं आणि हेल्मेटमध्ये त्यांचा जवळचा चष्मा बसत नाही. मग दुकानदाराला दाराबाहेर यायला लावून उजेडात बघितलं. मग यंत्र मुठीत धरून जोरजोरात हलवलं, गाडी हलते तसं. दुकानदार डोळे मिटून उभा राहिला.

"सेल कुठले?"

"साधे, अंकल. टॉर्चमध्ये घालतात ते."

"चहावाल्या बाईकडे मिळतात," पाकचिक माझ्याकडे बघून म्हणाले. मग त्यांनी दुकानदाराला शेवटचं विचारलं, "हे लक्षात ठेवतं का?"

"काय लक्षात ठेवतं?"

"आज मी ज्या वाटेने गेलो, ती त्याला उद्या आठवेल?"

"कॅन, अंकल. तुम्ही जाल तिथून रेघ ओढत जाईल. साठवून ठेवता येते, नावसुद्धा देता येतं."

"नकाशा कोरा असला तरी?"

"कोऱ्या नकाशावर तर आणखी छान दिसते."

आम्ही तेच घेतलं. ते यंत्र माझ्या शीटमध्ये आठात सहावं आलं होतं. जाडजूड, बटणांचं, जुन्या फोनसारखं दिसणारं. पडदा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, आवाज नाही, नकाशे नावालाच. नकाशे किती आहेत याला मी सगळ्यात जास्त वजन दिलं होतं. लक्षात किती राहतं हा निकष माझ्या अकरात नव्हताच.

*

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरातले मधले शनिवार, जेव्हा ग्रुप जात नसे, तेव्हा आम्ही दोघं गेलो. यंत्र त्यांच्या हँडलवर, मी मागे. प्रत्येक तिठ्यावर ते थांबायचे आणि जागेचं नाव सांगायचे, मी बटणं दाबदाबून ते घालायचे. एकेका अक्षरासाठी चार-चारदा बटण दाबायला लागायचं. नावं मलयमधली. काळा कुत्रा. दोन फळ्या. बैल पडला ती जागा. एका ठिकाणी नुसतीच दाट झाडी होती, तिथे त्यांनी सांगितलं, 'आईची विहीर'. विहीर कुठे दिसेना. ते गाडीवरून न उतरता म्हणाले, "आहे. खाली आहे." मी नाव घातलं.

मोऱ्याही घातल्या, एकूण एक. हे कुणी सांगितलं नव्हतं.

तोडलेल्या मळ्यापाशी मात्र त्यांनी गाडी थांबवली. "हे मलाही नवीन." हळूहळू गेलो. तीन वाटा पुढे जाऊन बंद झाल्या, तीनदा परत फिरलो. पाकचिकांनी पडद्यावर वाकून पाहिलं, तर बंद वाटांच्याही रेघा तिथे होत्या, जाऊन परत आलेल्या. "चुकलेलं पण लिहितं?" ते म्हणाले. मग, "गुड. माणूस चुकलेलं विसरतो."

दर खेपेला मी परतीच्या रांगेत सीओईचं विचारायचे. दर खेपेला उत्तर एकच, "तेंगोक दुलू." म्हणजे बघू. पुढे-मागेचं ते काही बोलत नसत, आणि माझ्या हातात ते नव्हतं. पुढे कोण, हे ग्रुपने ठरवलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी मी सगळ्या रेघा लॅपटॉपवर उतरवल्या आणि पुणेकराला घरी चहाला बोलावलं. पडद्यावर लाल रेघांचं जाळं पसरलं होतं, सगळा मळा भरून. तो कप बाजूला ठेवून वाकून बघायला लागला.

"हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं?"

"हो."

"आणि आपण त्यांना मागे बसवलं."

"तू एकट्याने नाही. यंत्र मी निवडलं होतं."

"मला भीती वाटली होती गं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी खरंच घाबरलो होतो."

"माहितीये. वाटणारच."

त्याने तिथेच खिशातून फोन काढला आणि बाल्कनीत गेला. काचेतून मला फक्त त्याचे हातवारे दिसत होते. तो आत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले?

"मी म्हटलं, पाकचिक, तुम्ही पुढे असाल तरच मी येतो. तर म्हणाले, येतोस तर ये, पण या वेळी पाणी तू आण. तुझ्या हेल्मेटात."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाकचिक माझ्या टेबलापाशी आले. यार्डातले कपडे, हाताला ग्रीस, म्हणून कागद दोन बोटांत लांब धरलेला. सीओई. पाच वर्षं.

"दहा का नाही?"

"दहा घेतली असती तर बायकोने गाडीबरोबर मलाही भंगारात दिलं असतं, मिस."

कागद जपून घडी घालून निघून गेले. मी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये दोन माणसांचं जेवले.

*

जानेवारीतल्या पहिल्या राइडला फाटकापाशी सगळे थांबलो. पुणेकराने यंत्र पाकचिकांच्या हँडलकडे नेलं, तर त्यांनी ते काढून घेतलं आणि माझ्या गाडीला बांधलं. बरोबर आलेला स्टँड होताच, त्यावर आणखी एक दोरी, रिगिंगच्या गाठीची. दोन हातांनी ओढून बघितली.

"पण मी शेवटची आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच. पुढे मी आहे. हरवायचं तर तुम्ही मागचे हरवणार."

आणि निघाले. मोठा मळा, आईची विहीर, काळा कुत्रा (कुत्राही होता, भुंकलाही), दोन फळ्या. त्यांनी एकदाही मागे वळून विचारलं नाही, आणि मीही पडद्याकडे फारसं पाहिलं नाही. मग तोडलेला मळा आला. रोपं आता गुडघ्याएवढी झाली होती. फाट्यावर पाकचिक थांबले. डावा हात वर केला, डावीकडे दाखवला. मग तो हात तसाच हवेत राहिला.

आम्ही पाचही जण इंजिनं चालू ठेवून उभे होतो. पुणेकराची मान किंचित माझ्याकडे वळली आणि पुन्हा सरळ झाली. पाकचिकांनी हात खाली घेतला, गाडीवर मागे वळले आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडले, "ओई, आदिक! मशीन काय म्हणतं?"

मी पडद्यावर वाकले. डावीकडची रेघ थोडी पुढे जाऊन तशीच परत आली होती. उजवीकडची पुढे जात होती.

"उजवीकडे!" मी ओरडले.

पाकचिकांनी छातीवर थाप मारली. "बघा! उजवीकडे! मीच सांगून ठेवलंय त्याला!"

चार हेल्मेटं हसून हलली. पाकचिक उजवीकडे वळले आणि एकामागून एक सगळे त्यांच्यामागे गेले, प्रत्येक जण पुढच्या वळणावर थांबून मागच्याची वाट बघत. मी शेवटची. माझ्या मागे कुणीच नव्हतं, तरी सवयीने एकदा वळून पाहिलं आणि मग निघाले.